‘तू पाणी पिणार?’ असं नातू मलाच का विचारतो?

प्रश्न : मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालो. मुलगा-सून दोघंही नोकरीला, त्यामुळं पाच वर्षांचा नातू दिवसभर माझ्याकडं असतो. पोरगं हुशार आहे, केएमटी बसच्या पाट्या लांबून वाचतं. पण स्वतःला तहान लागली की मलाच विचारतं, “तू पाणी पिणार?” हाक मारली तर बघत नाही. कुकरची शिट्टी झाली की कान झाकून पलंगाखाली. मागं रंकाळा तलावाला जायचा नेहमीचा रस्ता खणला होता म्हणून दुसऱ्या गल्लीनं नेलं, तर भर रस्त्यात आडवं पडलं. माणसं जमली. “दोन ठेवून द्या आजोबा, लाडानं बिघडलंय,” म्हणाली. बालवाडीच्या बाईंनी ‘ऑटिझमचं दाखवून घ्या’ असं सांगितल्यापासून सून रडतीय. पाहुणे म्हणतात, घरात इंग्रजीच बोला. काय करावं? हात उगारायची माझी इच्छा नाही.

उत्तर : नका उगारू, आजोबा. ती माणसं पुन्हा जमली तर जरा बाजूला व्हा म्हणावं, तेवढीच त्यांची मदत.

आधी पाण्याचं. तुम्ही ग्लास पुढं करताना काय म्हणता? “तू पाणी पिणार?” मग त्याच्या लेखी पाणी मिळण्याचं वाक्य तेच. ते त्यानं जसंच्या तसं उचललंय आणि बरोबर वेळेला वापरतोय. बरीच ऑटिस्टिक मुलं भाषेत अशीच शिरतात, सबंध वाक्य आधी आणि सुटे शब्द नंतर. मी वाचा-उपचार करते. असं वाक्य ऐकलं की मला बरंच वाटतं, कारण मूल काहीतरी मागायला माणसाकडं आलेलं असतं. “नीट बोल, मगच पाणी” असं अडवू नका. त्याच्या तोंडी असायला हवं ते वाक्य तुम्हीच म्हणा, “मला पाणी हवं”, आणि लगेच ग्लास द्या. चप्पल घालताना “मला चप्पल घालायचीय”, दार उघडताना “मला बाहेर जायचंय”. शेजारी हसतील, हसू द्या. पुन्हा म्हणून दाखव, असा आग्रह मात्र धरायचा नाही.

रस्त्याचं म्हणाल, तर तुमच्या दृष्टीनं फक्त गल्ली बदलली, त्याच्या दृष्टीनं पुढं काय येणार हेच कळेनासं झालं. घरातून निघण्याआधी सांगा. नुसतं तोंडी सांगून भागत नाही, पण त्याला वाचता येतं हे तुमचं मोठं भांडवल आहे. कागदावर लिहा : ‘रस्ता बंद. आज दुसरी गल्ली. मग रंकाळा.’ कागद त्याच्या हातात द्या. एवढं करूनही पडलाच, तर बोलणं थांबवा, गाड्यांपासून बाजूला घ्या आणि शेजारी बसून राहा. त्या वेळी समजावणं त्याच्या कानात आणखी एक गोंगाट म्हणूनच जातं.

आवाजाचंही तसंच. कुकर लावताना आधी सांगा, त्याला दुसऱ्या खोलीत जाऊ द्या. कान झाकणारे मोठे हेडफोन मिळतात, ते घ्या. महाद्वार रोडवरची विसर्जन मिरवणूक त्यानं यंदा पाहिली नाही तर काही बिघडत नाही. साऊंडच्या त्या भिंतींपुढं माझ्याही छातीत धडधडतं!

सूनबाईंना हे वाचून दाखवा. ऑटिझम लाडानं होत नाही, आई नोकरीला गेली म्हणून होत नाही. मेंदूची जडणघडणच मुळात वेगळी असते आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. नातवाला तो आहे का, हे पत्रावरून मी सांगणार नाही, कुणी सांगूही नये. बाईंनी सुचवलं ते चांगलंच केलं. ‘मुलगे उशिराच बोलतात, थांबा’ हा सल्ला मला अजिबात पटत नाही; निदानाचं नाव मिळेपर्यंत मदत थांबवायची नसते.

पाहुण्यांचं ऐकू नका. तुमची मराठी तोडली तर पोराचं दिवसभराचं बोलणंच तुटेल. दोन भाषांनी ऑटिझम होत नाही आणि वाढतही नाही. मूळ पेशींची (स्टेम सेल) इंजेक्शनं देऊन मूल ‘बरं करतो’ म्हणणाऱ्यांकडं तर फिरकूही नका.

पहिली तपासणी कानाची. शिट्टीला कान झाकतो म्हणजे सगळं नीट ऐकू येतं, असं धरून चालू नका. डॉक्टर सांगतील तर बेरा, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का हे बघणारी तपासणी, करून घ्या. मग विकासाची तपासणी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी मोफत सोय आहे. सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. पुढं शाळेनं ‘आम्हाला जमणार नाही’ म्हटलं तर 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे. त्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम येतो, आणि सरकारमान्य शाळेला तेवढ्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही.

तपासणीला जाताना मोबाईलवर छोटे व्हिडिओ घेऊन जा : पाणी मागतानाचा, एकटा खेळतानाचा, हाक मारल्यावरचा. सूनबाई आणि मुलगा यांच्यापैकी एकानं तरी रजा काढून सोबत यावं. नंबर सकाळचा, शक्यतो पहिलाच घ्या. गर्दीत तासभर बसावं लागलं तर डॉक्टरांना फक्त वैतागलेलं मूल दिसेल.