पूर्ण हिशेब माहीत आहे का तुला?

तुझा रात्री दीड वाजताचा मेसेज सकाळी चहा ठेवताना वाचला. "ताई, माझ्या मेसमधली ती पीएसआय झाली. मी तिच्यापेक्षा जास्त तास बसत होते, मग माझ्यातच काहीतरी कमी आहे."

अभ्यास कर, होईल वगैरे मी लिहिणार नाही, ते तुला शास्त्री रोडवरचे स्पर्धा परीक्षा क्लासचे फ्लेक्स रोज सांगतात. मला राग आलाय तो त्या "मग" चा. ती झाली मग मी कमी, हे कुठलं गणित? तिचा पूर्ण हिशेब माहीत आहे का तुला?

मलाही वाटायचं माहीत आहे. २०१५ साली सदाशिव पेठेत एका खोलीत आम्ही चौघी कॉट बेसिसवर राहायचो. शेजारच्या कॉटवरची इंजिनिअर आणि मी बीए, मराठी मिडियम. ती चारला उठायची म्हणून मी चारचा गजर लावला, तिने लावली तीच टेस्ट सिरीज मीही लावली, तिच्या नोट्सच्या झेरॉक्स काढल्या, आणि ती सीसॅटला, म्हणजे राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेतल्या आकलन-गणित-तर्काच्या दुसऱ्या पेपरला, हात लावायची नाही म्हणून मीही लावला नाही. तिला गरजच नव्हती गं! चार वर्षं गणितातच गेलेली तिची. आणि तेव्हा सीसॅट आत्तासारखा ३३ टक्के पडले की सुटलो असा नव्हता, ८० प्रश्न, २०० मार्क आणि सगळे मेरिटला धरायचे. पेपर एकला मी तिच्या पुढे होते आणि सीसॅटने माझी पूर्व गेली. एकदा नाही, दोनदा.

ती नायब तहसीलदार झाली तेव्हा गावातल्या सत्काराला ये म्हणून तिने स्वतः फोन केला. मी ताप आलाय म्हणाले आणि बाथरूममध्ये नळ सोडून बसले, कुणाला आवाज जाऊ नये म्हणून. पुढे चार वर्षं बोलले नाही तिच्याशी. पूर्व गेली त्याचं आता काही वाटत नाही, याचं वाटतं.

लिऑन फेस्टिंगर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडलंय की माणूस तुलना करतो ती आपल्यासारख्याच माणसाशी. म्हणून यूपीएससीत देशात पहिला कोण आला त्याने तुझी झोप उडत नाही, एकाच मेसचा डबा खाणारीने उडते. पण डबा एक असला म्हणजे हिशेब एक होत नाही ना. ती शाळेपासून धावणारी पोरगी, ग्राउंडचं, म्हणजे पीएसआयच्या शारीरिक चाचणीचं, टेन्शन तिला कधी नव्हतंच, हे तूच मला दिवाळीत सांगितलं होतंस! आणि ते स्टॉपवॉचचे फोटो ग्रुपवर टाकणं बंद कर बाई. अकरा तास सत्तावीस मिनिटं. त्यात वाचलं किती, आठवतंय किती, आणि शेजारची उठली का हे बघण्यात गेले किती, ते त्या घड्याळात दिसतं का?

तू म्हणशील ताई, तुला काय जातं बोलायला, तू क्लार्क होऊन बसलीस. बसले. तहसीलला महसूल सहाय्यक आहे आणि हे पद मी पडेल चेहऱ्याने घेतलेलं नाही. घरी तेव्हा वडिलांचं डायलिसिस चालू होतं, पगार हवा होता, तो माझा हिशेब होता. नातेवाईक अजून विचारतात, तुझी ती मैत्रीण कुठवर गेली. मी सांगते कुठवर गेली ते, आणि वर सांगते की तिच्या घरी डायलिसिस नव्हतं. हे सांगायला मला सहा वर्षं लागली, आणि कुणाला तो बहाणा वाटला तर वाटू दे.

ज्याचा पूर्ण हिशेब माहीत नाही त्याच्याशी तुलना करायची नाही. आणि पूर्ण हिशेब तुला एकाच पोरीचा माहीत आहे, तुझा स्वतःचा. तिचा मागच्या वर्षीचा पेपर काढ, आन्सर की समोर ठेव. कुठले प्रश्न येत असून चुकले, कुठले अंदाजाने मारून निगेटिव्हमध्ये गेले, कुठे वेळ पुरला नाही, तीन रंगांत खुणा कर. यातलं काहीच न बघता माझ्यापाशी रडू नकोस.

आणि आज मेसला ती दिसली तर आधी तू अभिनंदन कर. जमणार नाही, आवाज कापेल, तरी कर. सत्काराला बोलावलं तर जा. मग रविवारी मला फोन कर, पण तो पेपर समोर घेऊन बस.

तुझी ताई