वाळवंटातील रात्र इतकी गार का होते?

प्रश्न : वाळवंटात दिवसा ऊन अंग भाजून काढते आणि रात्री मात्र पांघरूण शोधावे लागते. वाळू लवकर तापते व लवकर निवते, असे आम्ही शाळेत शिकलो. एवढ्या मोठ्या फरकाला हे एकच कारण पुरेसे आहे का?

उत्तर : शाळेत शिकलेले कारण खरे आहे, पण अपुरे आहे. कोरडी वाळू एक अंशाने तापवायला तेवढ्याच वजनाच्या पाण्याच्या मानाने सुमारे एक पंचमांश उष्णता पुरते. शिवाय कणांमधल्या फटींत हवा असल्यामुळे ती उष्णता खाली फारशी झिरपत नाही आणि वरच्या काही सेंटिमीटरांतच राहते. भर दुपारी वरची वाळू 70 अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकते. त्याच जागी हातभर उकरले, तर खालची वाळू पुष्कळच निवलेली लागते. तेथे ओल असती, तर उन्हाचा मोठा वाटा ती सुकवण्यातच खर्ची पडला असता.

परंतु वाळू निवते तेव्हा तिची उष्णता जाते कोठे, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर जमिनीत नसून आकाशात आहे. जमीन डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण अहोरात्र बाहेर टाकत असते. दमट प्रदेशात हवेतील बाष्प आणि ढग त्यांतील बराच भाग शोषून घेतात व काही उष्णता पुन्हा जमिनीकडे पाठवतात. बाष्पाचा हा शोषणाचा गुण भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी 1860 च्या सुमारास प्रयोगांनी दाखवून दिला. वाळवंटात बाष्प थोडे आणि ढग क्वचितच, त्यामुळे सूर्य मावळल्यावर पुष्कळशी उष्णता थेट अवकाशात निघून जाते आणि दिवस-रात्रीत 15 ते 20 अंशांचा फरक सहज पडतो.

वाळूपेक्षा आकाशाचा वाटा मोठा, असे माझे स्पष्ट मत आहे. सहाराचा बहुतांश भाग वाळूचा नसून खडकाळ आहे, तरी तेथेही रात्री गारच असतात. उलट ढग दाटून आलेल्या रात्री त्याच जमिनीवर गारवा बेताचाच राहतो. इराणच्या वाळवंटी भागातील लोकांनी निरभ्र आकाशाच्या या गुणाचा फार पूर्वीच उपयोग करून घेतला. उंच भिंतींच्या सावलीतील उथळ तळ्यांत ते हिवाळ्याच्या रात्री पाणी सोडत, पहाटेपर्यंत गोठलेला बर्फ फोडून काढत आणि ‘यखचाल’ नावाच्या जाड भिंतींच्या घुमटाखाली तो उन्हाळ्यासाठी साठवून ठेवत.