पंपाची सवय लागेल, ही भीती

प्रश्न : माझा मुलगा ७ वर्षांचा आहे. पावसाळा सुरू झाला की त्याला पहाटे खोकल्याची उबळ येते आणि छातीतून घरघर ऐकू येते. बालरोगतज्ज्ञांनी दम्याचे निदान करून दोन पंप दिले. एक रोज दोन वेळा घ्यायचा आणि दुसरा धाप लागल्यावर. दीड महिन्यात खोकला थांबला म्हणून आम्ही रोजचा पंप बंद केला, आणि गेल्या आठवड्यात त्याला मध्यरात्री दवाखान्यात न्यावे लागले. सासूबाईंच्या मते पंपाची सवय लागते व उंची खुंटते, त्यापेक्षा पातळ औषध बरे. केळी, दही आणि मैदानावरचे खेळही आम्ही बंद केले आहेत. आमचे काय चुकते आहे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : खोकला थांबल्यावर औषध बंद करावेसे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु दम्यामध्ये खोकला थांबणे आणि श्वासनलिकांची सूज उतरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आतून सुजलेल्या नलिकांना साधी सर्दी, उदबत्तीचा धूर किंवा पहाटेचा गारवा एवढे निमित्तही पुरते. त्यांचे स्नायू आवळले जातात, कफ साचतो आणि धाप लागते. रोजचा पंप, म्हणजे बहुधा ब्युडेसोनाइडसारखे अल्प मात्रेतील स्टेरॉइड, ही सूज हळूहळू उतरवतो. धापेच्या वेळचा साल्ब्युटामॉलचा पंप आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतो, पण सुजेवर त्याचा उपयोग होत नाही. म्हणून रोजचा पंप दमा किमान ३ महिने पूर्ण आटोक्यात राहिल्यावर, डॉक्टरांना विचारूनच, टप्प्याटप्प्याने कमी केला जातो.

पंपाची सवय लागत नाही. सूज आहे तोवर त्याची गरज असते, इतकेच. पातळ औषध सौम्य असते हा समज तर अगदी उलटा आहे. पंपाच्या एका फवाऱ्यात साल्ब्युटामॉल १०० मायक्रोग्रॅम असते, तर पातळ औषधाच्या ५ मिलिलिटर चमच्यात ते साधारणतः २ मिलिग्रॅम, म्हणजे वीसपट असते. एवढे पोटात जाऊनही ते छातीपर्यंत उशिरा पोहोचते आणि हात थरथरणे, छातीत धडधडणे हे त्रास अधिक होतात. उंचीबद्दलची शंका मात्र मी उडवून लावणार नाही. रोजच्या स्टेरॉइड पंपामुळे सुरुवातीच्या एक-दोन वर्षांत वाढ किंचित मंदावते आणि मोठेपणी साधारण १ सेंटीमीटरचा फरक राहू शकतो. पण वारंवार झटके येऊन तोंडावाटे स्टेरॉइड देण्याची वेळ आली, तर वाढीचे नुकसान याहून मोठे होते. हे सासूबाईंना आपण शांतपणे समजावून सांगावे. त्यांची काळजी नातवाच्या मायेपोटीच आहे.

आपल्या पत्रात स्पेसरचा, म्हणजे पंपाला जोडायच्या प्लॅस्टिकच्या पोकळ नळकांड्याचा, उल्लेख नाही, याची मला विशेष चिंता वाटते. नुसता पंप तोंडात धरून दाबला तर बरेचसे औषध घशातच बसते. पंप नीट हलवून स्पेसरला जोडावा, एकच फवारा सोडावा आणि मुलाला त्यातून ५-६ वेळा संथ श्वास घेऊ द्यावा. दुसरा फवारा त्यानंतर, पंप पुन्हा हलवून. रोजच्या पंपानंतर चूळ भरायला लावावी, नाहीतर तोंडात बुरशी धरते. स्पेसर सौम्य साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळू द्यावा. फडक्याने पुसल्यास प्लॅस्टिकवर विद्युतभार निर्माण होऊन औषध आतच चिकटते.

केळी किंवा दही खाल्ल्याने त्रास झाल्याचे आपण स्वतः पाहिले नसेल, तर ते बंद ठेवण्याचे कारण नाही. खेळही सुरू करावा. धावताना खोकला येत असेल, तर दमा अजून आटोक्यात नाही असे समजून डॉक्टरांना दाखवावे. घरात डासांची कॉइल व धूप लावू नये, कोणी विडी-सिगारेट ओढू नये आणि भिंतींना ओल असेल तर त्याची गादी तिथून हलवावी.

बरगड्यांमध्ये खळगे पडू लागले, एक वाक्यही सलग बोलता येईना, ओठ निळसर दिसू लागले किंवा फवाऱ्यांचा परिणाम चार तासही टिकेनासा झाला, तर घरी थांबू नये. साल्ब्युटामॉलचे फवारे स्पेसरमधून एकेक करून देत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा थेट रुग्णालय गाठावे. अशा वेळी किती फवारे द्यायचे, हे आपल्या डॉक्टरांकडून आजच लिहून घ्यावे आणि त्या कागदाची एक प्रत पंप व स्पेसरसह वर्गशिक्षकांकडे ठेवावी.