वाचकांचे प्रश्न : नाक्सोसची सकाळ आणि स्कूटर

प्रश्न : स. न. वि. वि. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी आणि माझे यजमान ग्रीसमधील नाक्सोस बेटावर आठ दिवस राहणार आहोत. मी पार्ल्यात गेली बावीस वर्षे ॲक्टिव्हा चालवते. तिथेही भाड्याची स्कूटर घेऊन गर्दी आणि ऊन वाढण्यापूर्वी रोज सकाळी हिंडावे अशी माझी इच्छा आहे. यजमानांकडे फक्त चारचाकीचा परवाना आहे. मुलीचे म्हणणे असे, की परक्या देशात, रस्त्याच्या उलट्या बाजूने गाडी चालवण्याचा हा हट्ट आता कशाला? मुंबईच्या रस्त्यांवर जिची इतकी वर्षे गेली, तिला एका निवांत बेटाची भीती का वाटावी, असा माझा प्रतिप्रश्न आहे. आमच्यापैकी कोणाचे खरे?
– एक वाचक, विलेपार्ले (पूर्व)

उत्तर : आपण जरूर जावे, परंतु आपण दिलेले कारण मला पटत नाही. मुंबईत रस्त्याची बाजू आपण सांभाळत नाही, ती गर्दी सांभाळते. पुढे रिक्षा, मागे बेस्टची बस आणि शेजारी टेम्पो असताना चुकीच्या बाजूला जायला जागाच उरत नाही. नाक्सोसला सकाळी साडेसहा वाजता बेकरीतून पाव घेऊन आपण निघाल, तेव्हा रस्त्यावर चिटपाखरूही नसेल, आणि नेमक्या त्याच वेळी बावीस वर्षांची सवय स्कूटर अलगद डावीकडे नेईल. तिथे वाहने उजव्या बाजूने चालतात याची आठवण करून देणारे कोणी समोर नसते, म्हणूनच ती शांत सकाळ जितकी सुखाची तितकीच फसवी असते.

ही चूक गाडी चालू असताना सहसा होत नाही; ती थांबून पुन्हा निघताना होते. पेट्रोल पंपातून बाहेर पडताना, समुद्राचे छायाचित्र काढून झाल्यावर किंवा गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागताना मन अजून मागच्या दृश्यात असते. काही वर्षांपूर्वी मी स्वतः शेळ्यांचा कळप जाऊ देण्यासाठी थांबलो, पुन्हा निघालो आणि जवळजवळ एक किलोमीटर बिनधास्त डावीकडून गेलो. वळणावर समोरून पाण्याची टाकी लादलेली गाडी आली, तेव्हा कुठे जागा झालो. आणि त्या क्षणीही हात अधिकच डावीकडे वळू पाहत होता, हे मला आजही आठवते. आपले यजमान मागे बसणार असतील तर त्यांच्यावर एकच काम सोपवावे : दर वेळी गाडी सुरू होताच त्यांनी मोठ्याने “उजवीकडे” म्हणावे. इतक्या वर्षांच्या संसारात अशी मोकळी सूचना करण्याची संधी त्यांना क्वचितच मिळाली असेल.

याच सवयीचा दुसरा भाग आरशांचा आहे. आपल्याकडे मागचे वाहन उजवीकडून पुढे जाते, तिथे ते डावीकडून जाईल, त्यामुळे डावा आरसा नीट लावून घ्यावा. समोरची वाहतूक ओलांडावी लागते ती डावीकडे वळताना. जिथे कोणताही फलक नाही अशा चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे असते. समोरच्याने दिवा चमकवला तर “या” असा अर्थ घेऊ नये. तो “मी येतोय” असे सांगत असतो. मुंबईकराला हे वेगळे शिकवण्याची गरज नसावी.

आता कागदपत्रे. भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. तो आपल्या आरटीओकडून मिळतो, शुल्क १,००० रुपये आहे आणि त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते. त्यावर दुचाकीच्या वर्गाची नोंद आहे ना, हे कार्यालयातच पाहून घ्यावे आणि मूळ परवानाही सोबत न्यावा. यजमानांच्या चारचाकी परवान्यावर स्कूटर चालवता येत नाही. एखादा दुकानदार न विचारता किल्ली हातात देईलही, परंतु अपघात झाला तर विमा कंपनी मात्र विचारल्याशिवाय राहणार नाही. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आपण काढालच. त्यात दुचाकी वगळलेली नाही ना, हे बारीक अक्षरांत वाचावे. दुकानदाराकडे पासपोर्ट गहाण ठेवू नये, आणि गाडीवरचे जुने ओरखडे निघण्यापूर्वी मोबाइलवर टिपून घ्यावेत.

हेल्मेट दोघांनाही सक्तीचे आहे. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवे हे मुंबईत २०२२ पासून आपल्या अंगवळणी पडत आले आहे, तेव्हा त्याविषयी अधिक लिहीत नाही. डोक्यात घट्ट बसत नसेल तर दुसरे मागावे, एवढेच.

वेळेची निवड आपण अगदी योग्य केली आहे. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा कोरडा वारा वाहतो. बाल्कन प्रदेशावरील जास्त दाब आणि तुर्कस्तानवरील कमी दाब यांमुळे तो निर्माण होतो. आकाश निरभ्र असते, म्हणून त्याचा जोर खिडकीतून कळत नाही. साधारणपणे तो सकाळ सरता सरता वाढतो, दुपारी सर्वांत जोरात असतो आणि संध्याकाळी ओसरतो; कधी मात्र दिवसरात्र घोंगावतो आणि बोटीही अडकून पडतात. डोंगराच्या आडोशातून खिंडीत येताच तो बाजूने धक्का देतो, आणि हलकी स्कूटर हातभर सरकते. अशा दिवशी डोंगरात जाऊच नये.

पहिल्या दोन सकाळी पश्चिम किनाऱ्यावर, आयोस प्रोकोपियोस आणि प्लाका या सपाट भागात हात बसवावा. बंदराचे गाव, म्हणजे खोरा, पश्चिमेला आहे आणि हल्की, फिलोती, अपेरांथोस ही डोंगरातली गावे पूर्वेला, त्यामुळे सकाळी तिकडे जाताना कोवळे ऊन थेट डोळ्यांत येते आणि वळणावरची वाळू दिसत नाही. तिथल्या रस्त्यांचे डांबर अनेक ठिकाणी घासून गुळगुळीत झालेले असते. वळणाआधीच वेग कमी करावा. वळणात पुढचा ब्रेक करकचून दाबला तर खडीवर चाक घसरते. कडेला छोट्या देवळाच्या आकाराच्या पेट्या दिसतील, आत तसबीर आणि दिवा असलेल्या. त्यांतल्या कित्येक तिथे अपघातात गेलेल्यांच्या किंवा वाचलेल्यांच्या आठवणीसाठी ठेवलेल्या असतात. ज्या वळणावर अशी पेटी आहे, ते वळण जपून घ्यावे.

हल्कीमध्ये १८९६ पासूनची कित्रोची भट्टी आहे. कित्रो हे महाळुंगाच्या पानांपासून केलेले मद्य. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे तेच हे फळ. चव घेण्याचा आग्रह होईल, पण ती यजमानांनी घ्यावी. ग्रीसमध्ये दुचाकीस्वारासाठी १०० मिलिलिटर रक्तात २० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे, म्हणजे आपल्याकडील ३० मिलिग्रॅमपेक्षाही कमी.

आणखी एक गोष्ट, शेजारधर्माची. उन्हाळ्यात तिथे रात्री ११ ते सकाळी ७ आणि दुपारी ३ ते ५.३० ही शांततेची वेळ मानली जाते. साडेसहाला निघणार असाल तर स्कूटर गल्लीच्या तोंडापर्यंत ढकलत न्यावी आणि मगच सुरू करावी. काही बिनसलेच तर दूरध्वनी क्रमांक ११२, आपल्याकडे आहे तोच.

प्रश्न : आम्हीही त्याच बेटावर जात आहोत. आई सत्तरीची आहे, स्कूटरवर तिचा तोल जाईल. त्याऐवजी चार चाकांची क्वाड बाइक सुरक्षित ठरेल का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : नाही. चार चाके पाहून विश्वास बसतो, परंतु ते वाहन उंच आणि अरुंद असते, डांबरी रस्त्यावर वळताना स्कूटरसारखे झुकत नाही आणि वेगात असेल तर कलंडते. स्थानिक लोक त्याला गुरूना, म्हणजे डुकरीण, म्हणतात, यावरून काय ते समजावे. आईंसाठी छोटी मोटार घ्यावी. आणि तीही चालवायची नसेल तर बंदराजवळून सुटणारी बस हल्की, फिलोती आणि अपेरांथोस या तिन्ही गावांना जाते.