८५ हजारात सेटलमेंट करून मोकळं व्हावं का?

तुम्ही लिहिलंय की चाकणची नोकरी गेल्यावर पाच महिने क्रेडिट कार्डाचं बिल भरता आलं नाही, आता १,८४,००० थकलेत, रिकव्हरीवाला, म्हणजे बँकेचा वसुली एजंट, रोज फोन करतो आणि म्हणतो आज संध्याकाळपर्यंत ८५,००० टाका, फाईल बंद. हाताशी १,१०,००० ची एफडी, नवीन पगार ३८,०००, आणि दोन वर्षांत नाशिकला फ्लॅट घ्यायचाय.

फ्लॅट घ्यायचा नसता तर मी कदाचित घ्या म्हणालो असतो. पण सेटलमेंट केलं, म्हणजे थकलेल्यापेक्षा कमी भरून मिटवलं, की सिबिलमध्ये (कर्जफेडीच्या रेकॉर्डमध्ये) अकाउंट "क्लोज्ड" नाही, "सेटल्ड" दिसतं, आणि तो शेरा वर्षानुवर्षं राहतो, होम लोनवाला सगळ्यात आधी तेच बघतो. एकतर लोन नाही म्हणणार नाहीतर रेट चढवणार. २५ लाखांचं लोन २० वर्षांसाठी साडेआठऐवजी साडेनऊ टक्क्याने मिळालं तरी हप्ता महिन्याला साधारण १,६०० ने वाढतो, म्हणजे पूर्ण मुदतीत पावणेचार लाखांच्या वर. आज वाचणारे ९९ हजार त्यात कुठल्या कुठे गेले.

म्हणून माझं मत, सेटलमेंट नको, पूर्ण भरा, पण आकडा खाली आणून. १,८४,००० मध्ये तुमची खरी खरेदी किती ते स्टेटमेंट काढून बघा. महिन्याला साडेतीन-पावणेचार टक्के व्याज, वर लेट फी, त्या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी, हे सगळं त्यात चढलेलं असणार. एजंटला सोडा, थेट बँकेला मेल करा की मुद्दल पूर्ण देतो, लेट फी आणि दंडाचं व्याज रिव्हर्स करा आणि अकाउंट "क्लोज्ड" म्हणूनच रिपोर्ट करणार हे लेखी द्या. बँका ऐकतातच असं नाही, पण पाच महिन्यांच्या थकबाकीवर एकरकमी पैसे येणार म्हटल्यावर बोलायला तयार होतात. समजा दीड लाखावर आलं, तर एफडीतले ८५,००० काढा, २५,००० घरात ठेवा (नोकरी नवीन आहे, प्रोबेशन अजून संपलं नाही), उरलेल्या ६५,००० साठी सासूबाई देतायत त्या बांगड्यांवर बँकेचं गोल्ड लोन. वर्षभराचा हप्ता सहा हजाराच्या आत बसेल. सोनं ठेवायला मन धजत नाही हे कळतं, पण ४२-४५ टक्के व्याजापुढे १०-१२ टक्के परवडतात.

मित्र म्हणतायत तीन वर्षं थांब, दाव्याची कायदेशीर मुदत संपली की बँकेला कोर्टात जाता येत नाही. अर्धवट सल्ला आहे हा! दावा अडतो, पण सिबिलवरची थकबाकी त्याने पुसली जात नाही, आणि मध्येच "टोकन म्हणून ५०० तरी टाका" म्हणणाऱ्याला दिलेत तर मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाऊ शकते.

आता फोनचं. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला आरबीआयची मनाई आहे, तुमच्या आईला फोन करून धमकावायलाही. "उद्या पोलीस घेऊन येतो" ही शुद्ध थाप, कार्ड थकणं हा दिवाणी मामला, अटक होत नाही (चेक दिला आणि बाउन्स झाला तर मात्र वेगळी भानगड, म्हणून त्याला चेक देऊच नका). घरी आला तर ओळखपत्र आणि बँकेचं पत्र मागा. कॉल रेकॉर्ड करा, बँकेच्या तक्रार विभागाला लिहा, ३० दिवसांत दाद लागली नाही तर आरबीआय लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार, फुकट होते. लोक अदालतीची नोटीस आली तर घाबरू नका, जा, तडजोड तिथेही होते.

बँकेच्या लेटरहेडवर पत्र हातात पडेपर्यंत एक रुपया द्यायचा नाही, आणि दिला तरी कार्डाच्या खात्यातच, एजंटच्या यूपीआयवर अजिबात नाही. पगाराचं खातं त्याच बँकेत असेल तर आधी हलवा, बँक त्यातून थकलेले पैसे परस्पर वळते करून घेऊ शकते. पैसे भरल्यावर एनओसी (काही देणं बाकी नाही असं बँकेचं पत्र) घ्या आणि दीडेक महिन्याने सिबिल काढून शेरा बघा. चुकीचा दिसला तर बँकेचं पत्र जोडून सिबिलकडे लगेच डिस्प्यूट (दुरुस्तीची तक्रार) टाका, फ्लॅट बघायला लागेपर्यंत थांबू नका.