‘सहभाग नोंदवणे’: भाग, भात आणि हातातला फोन

नांदेडच्या एका विद्यार्थिनीनं विचारलंय. तिनं राज्यशास्त्राच्या पेपरात ‘डिजिटल तंत्रज्ञानांच्या अभिसरणामुळे नागरिक राजकीय प्रक्रियेत सहभाग नोंदवतात’ असं लिहिलं. सरांनी ‘सहभाग’खाली लाल रेघ मारली आणि बाजूला ‘भाग’ असं लिहून दिलं. तिचा प्रश्न असा, की ‘सहभाग’ हा शब्दच चूक आहे का? आणि ‘अभिसरण’ म्हणजे इथं नेमकं काय समजायचं?

अभिसरणाचं पटकन उरकतो. ‘अभि’ म्हणजे कडे, ‘सृ’ म्हणजे सरकणं, जाणं. रक्ताभिसरणामुळं ‘गोल फिरणं’ हा अर्थ डोक्यात घट्ट बसलाय, म्हणून गोंधळ होतो. इथं अर्थ एकमेकांकडं सरकत येऊन एक होणं असा आहे. कॅमेरा, रेडिओ, वर्तमानपत्र, नकाशा, टपालपेटी या एके काळी वेगवेगळ्या वस्तू होत्या. त्या सगळ्या आता एका फोनात येऊन बसल्यात.

आता मुद्द्याचं. सरांची रेघ चुकीच्या शब्दाखाली पडली. ती ‘नोंदवतात’खाली पडायला हवी होती. गेली काही वर्षं हा शब्द माझा पिच्छा सोडत नाही. वृक्षारोपणात सहभाग नोंदवला, रक्तदानात सहभाग नोंदवला, महिलांनी मतदानात उत्स्फूर्त सहभाग नोंदवला. अहो, नोंदवतात ती हजेरी, तक्रार, हरकत, गुन्हा. नोंद वहीत होते आणि वही दुसऱ्याच्या हातात असते. ऑनलाइन शपथेच्या लिंकवर नाव टाकून प्रमाणपत्र उतरवून घेतलं, त्याला ‘नोंदवलं’ म्हणा, माझी तक्रार नाही. पण उन्हात दोन तास रांगेत उभं राहून मत देणाऱ्या बाईनं काय नोंदवलं?

‘सहभाग घेणे’ चूक आहे असं सांगणारेही पुष्कळ आहेत. त्यांचं म्हणणं असं, की सहभाग ही अवस्था आहे, अवस्था घेता येत नाही, म्हणून ‘सहभागी होणे’ किंवा ‘भाग घेणे’ एवढंच शुद्ध. मला हे अजिबात पटत नाही. सहकार्य घेता येतं, मग सहभागानं काय घोडं मारलंय? मी स्वतः ‘भाग घेणे’च लिहितो. इंग्रजीतल्या ‘पार्टिसिपेशन’च्या पोटातही लॅटिनमधले ‘भाग’ आणि ‘घेणे’ हेच दोन शब्द आहेत. पण ‘सहभाग घेतला’ असं कुणी म्हटलं तर मी अडवत नाही. हे शुद्धतावाले ‘सह’पाशीच अडकतात आणि ‘भाग’ उघडून बघत नाहीत. सगळी गंमत तर त्या ‘भाग’मध्येच आहे.

भाग आला ‘भज्’ धातूवरून. ‘भज’ म्हटलं की आपले शास्त्री लगेच धातुपाठातलं, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीतलं, ‘भज सेवायाम्’ म्हणून मोकळे होतात. म्हणजे भज् म्हणजे सेवा करणं, संपलं. त्याच धातुपाठात चुरादि गणात, म्हणजे धातूंच्या दहाव्या गटात, ‘भज विश्राणने’ही आहे, ते कुणी सांगत नाही. विश्राणन म्हणजे देणं, वाटणं. वेदांमध्येही भज् बहुतेक वेळा वाटून देणं, वाट्याला येणं, वाटा घेणं याच अर्थानं येतो. विभाग, विभक्त, भागीदार हे सगळे तिथलेच. भाग्य म्हणजे वाट्याला आलेलं. ‘भग’ म्हणजे वाटा, ऐश्वर्य. ते ज्याच्याकडं आहे तो भगवंत, आणि त्याचा तो भागवत.

आणि भात! भक्त म्हणजे मुळात ‘वाटून दिलेलं’. त्यावरून पानात वाढलेलं अन्न, मग शिजलेला तांदूळ. प्राकृतात झालं भत्त, मराठीत भात. सप्त, सत्त, सात ही पायरी ज्याला ठाऊक आहे त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. भत्ता याच घरातला. भत्ता हा कंपनी सरकारनं आणलेला शब्द आहे असं एक गृहस्थ छापून मोकळे झालेत. साफ उलटं आहे, कंपनीच्या पलटणींनी तो इथूनच उचलला. उदगीर-देगलूरकडं कानडी बोलणाऱ्या माणसाला विचारा, तो साळीला ‘भत्त’ म्हणतो. ग्रामपंचायत सदस्याला बैठक भत्ता मिळतो, तो शब्दानं बघितलं तर पानातला वाटाच आहे.

इथून पुढं माझं मत आहे, आणि ते मी सोडणार नाही. भक्त म्हणजे आधी वाटेकरी, सेवक नंतर. भजन म्हणजे वाटा घेणं. नरसीचे नामदेव शिंपी, गंगाखेडची जनाबाई दासी. ज्यांना मानपानात वाटा नव्हता त्यांनी टाळ हातात घेऊन वाटा घेतला. आमच्याकडं सप्ताहात आजही बघा, टाळ सगळ्यांच्या हातात असतो, नुसता ऐकायला कुणी बसत नाही. दिंडीत चालून आलेला वारकरी ‘मी सहभाग नोंदवला’ असं म्हणेल का? सरकारदरबारी भाग घेण्याची ही सवय मराठवाड्याला भजनानं लावली, असं मी मानतो. भाषेचे प्राध्यापक याला ओढाताण म्हणतात. त्यांनी एकदा भजनात बसावं.

गंगाखेड तालुक्यातल्या एका गावी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला मी हजर होतो. अजेंडा वाचून झाला, सह्यांचं रजिस्टर फिरायला लागलं. तेवढ्यात मागं बसलेल्या एका पोरानं ई-ग्रामस्वराज पोर्टल उघडलं. २०२० पासून ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च तिथं कुणालाही बघता येतो. फोनची काच तडकलेली. दोन बोटांनी अक्षरं मोठी करत त्यानं नालीच्या कामाची रक्कम मोठ्यानं वाचली. त्याच्या शेजारी बसलेले, बटईनं शेत करणारे एक म्हातारे उठून उभे राहिले. म्हणाले, “नाली कुठं हाय ते दावा आधी. आमचा बी भाग हाय की त्यात!”

मी तिथंच वहीत लिहून घेतलं. आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात वाटा मोजलेला माणूस गावच्या पैशात ‘भाग’ मागत होता. ही ‘बटई’ म्हणजे हिंदीतल्या ‘बाँटना’ची बहीण, आपल्या ‘वाटणे’शी एका मुळाची. रजिस्टर तोवर फिरून परत आलं होतं, त्यात त्या म्हाताऱ्यांचा अंगठाही होता. सहभाग म्हणून नोंदला गेला तो अंगठाच, त्यांचं बोलणं कुठंच आलं नाही.

निवडणूक आयोगानं २०१८ मध्ये ‘सी-व्हिजिल’ ॲप काढलं, तेही या अभिसरणाचंच उदाहरण. आचारसंहितेचा भंग दिसला की ॲपमधूनच फोटो किंवा व्हिडिओ काढायचा, ठिकाण आपोआप कळतं, आणि १०० मिनिटांत दखल घ्यायची असं ठरलेलं आहे. कॅमेरा, नकाशा, घड्याळ आणि टपाल एकाच खिशात असल्याशिवाय हे जमलं नसतं. इथं मात्र ‘तक्रार नोंदवली’ म्हणा, शंभर टक्के बरोबर.

९ ऑगस्ट २०१६ ला औरंगाबादेत पहिला मराठा क्रांती मूक मोर्चा निघाला, तेव्हाही निरोप फोनवरूनच गावोगाव गेले. त्या गर्दीनं ‘सहभाग नोंदवला’ असं कुणी म्हटलं की माझा जीव तुटतो. कोणत्या वहीत?

जाता जाता ‘शेअर करणे’. त्या इंग्रजी शब्दाचाही अर्थ वाटाच. आपण मात्र मेसेज ‘ग्रुपवर टाकतो’, कचरा टाकावा तसा. ‘ग्रुपवर वाटला’ म्हणून बघा. कुणाच्या पानात काय वाढतोय, हे बघूनच हात पुढं जाईल.

तर वाक्य असं करा: ‘सगळी साधनं फोनात एकवटल्यामुळे लोक कारभारात भाग घेऊ लागले आहेत.’ आणि तुमच्या मूळ वाक्यातला ‘सहभाग’ ठेवायचाच असेल तर बिनधास्त ‘सहभाग घेतात’ लिहा. सरांनी विचारलं तर चुरादि गणातलं ‘भज विश्राणने’ दाखवा.