खिडकी एक, मागची टेबलं तीच

प्रश्न : मी बियाणं निर्यात करतो. आमच्याकडे 'सिंगल विंडो' पोर्टल (सगळ्या खात्यांची माहिती एकाच ठिकाणी भरायचं) सुरू होऊन बराच काळ झाला. तरी एकाच कन्साइनमेंटसाठी इन्व्हॉइस तीनदा अपलोड करावं लागतं, आणि शेवटी कुणीतरी विचारतंच, "प्रिंट आणलीय का?" नेमकं चुकतंय कुठे? आणि माझ्यासारख्याला त्यात काही करता येईल का?

उत्तर : पत्र वाचून मला माझी जुनी बॅग आठवली. क्लिअरिंगच्या कामात मी बावीस वर्षं काढली. एका मालाच्या कागदांचे सहा संच त्या बॅगेत असायचे आणि सातवा 'असू दे' म्हणून. तुमच्या पोर्टलने ती बॅग नुसती स्कॅन केलेली दिसते.

एकदा माझं घोडं कुठे अडलं ते सांगतो. कस्टम्सच्या पानावर 'वजन' म्हणजे ग्रॉस, किलोत. वनस्पती तपासणीच्या पानावर 'वजन' म्हणजे नेट, टनांत. रकान्याचं नाव दोन्हीकडे नुसतं 'वजन'. मी एकीकडे 18,400 भरले, दुसरीकडे 18. दोन्ही बरोबर! पण सिस्टिमला आकडे जुळेनात. पोत्यांना आणि पॅलेटलाही वजन असतं, हे पटवत मी चार दिवस हेलपाटे घातले.

यावर नवं सॉफ्टवेअर घेऊन काही होत नाही. सगळ्या खात्यांचे फॉर्म एका टेबलावर पसरायचे, रकान्यांची यादी करायची, प्रत्येकाचा अर्थ आणि एकक लिहायचं, कोण काय कशासाठी मागतंय ते तपासायचं आणि मग जुळवायचं. संयुक्त राष्ट्रांच्या यूएन/सीफॅक्टची (व्यापाराचे कागद आणि पद्धती सोप्या करणारी संस्था) शिफारस क्र. 34 हेच सांगते. जागतिक सीमाशुल्क संघटनेचं डेटा मॉडेलही (अशा रकान्यांचे ठरवून दिलेले अर्थ) तयार आहे, त्यामुळे शून्यातून सुरुवात करायची गरज नाही. काम कंटाळवाणं, उद्घाटनाचा फोटो निघत नाही, म्हणून मागे पडतं. सिंगापूरची सिंगल विंडो, ट्रेडनेट, 1989 पासून चालू आहे. तेव्हा घरोघरी इंटरनेटही नव्हतं, म्हणजे अडचण तंत्रज्ञानाची नाही.

आता प्रिंट. ती मागणारा अधिकारी अडेलतट्टू असतोच असं नाही, बऱ्याचदा तो ऑडिटला घाबरलेला असतो. त्याच्या नियमात 'सही-शिक्क्याची प्रत' असंच लिहिलेलं असेल, तर पडद्यावरच्या परवानगीवर तो माल सोडणार कसा? पोर्टलसोबत कायदाही बदलावा लागतो (शिफारस क्र. 35 त्यासाठीच आहे). तुमच्या मालाला लागणारं फायटोसॅनिटरी (माल कीड-रोगांपासून मुक्त असल्याचं) प्रमाणपत्र तर आता कागदाविना एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ शकतं. त्यासाठी आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराखाली ई-फायटो हब ही इलेक्ट्रॉनिक देवाणघेवाणीची यंत्रणा चालते. तुमचा आणि ग्राहकाचा देश त्यात आहेत का, हे आधी विचारा.

तुमच्या हातात काय आहे? जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार 22 फेब्रुवारी 2017 पासून लागू आहे. कलम 10.4 नुसार सिंगल विंडोतून एकदा मिळालेली माहिती किंवा कागद सहभागी खात्यांनी पुन्हा मागायचे नाहीत. तातडीची वेळ आणि जाहीर केलेले मोजके अपवाद तेवढे वगळले आहेत. कलम 23 प्रमाणे प्रत्येक सदस्य देशात राष्ट्रीय व्यापार सुलभीकरण समिती हवी. मात्र तुमच्या देशाने 10.4 ची अंमलबजावणी कधीपासून मान्य केली आहे ते आधी पाहा, विकसनशील देशांना त्यासाठी मुदत घेता येते.

मग एक वही करा. पुढच्या दहा कन्साइनमेंटमध्ये कोणती माहिती, कुणी, कितव्यांदा मागितली, त्यात किती तास गेले, एवढंच लिहा. 'फार त्रास होतो' असं पत्र फायलीत जातं. 'इन्व्हॉइस क्रमांक दहापैकी नऊ वेळा तीन ठिकाणी टाइप केला' याला उत्तर द्यावं लागतं. तुमच्या निर्यातदार संघटनेमार्फत ती वही समितीपुढे ठेवा. आणि हो, वजनाच्या रकान्यापुढे तोवर ग्रॉस की नेट हे शेऱ्यात लिहीत जा.